२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेबद्दल, सगळ्यांनी वाचा

नमस्कार मंडळी,
२ ऑक्टोबरला सकाळी १० वाजता मारुतीच्या देवळासमोर ग्रामसभा आहे. महिला सभा आदल्या दिवशी दुपारी ४ ला अंगणवाडीत, ताई-माई-वहिनी सगळ्यांनी यायचंच, पाण्याचा त्रास सगळ्यात जास्त तुम्हालाच होतो आणि तुमचा ठराव पुढे मोठ्या सभेत यायला पाहिजे.

कोरमसाठी, म्हणजे सभा भरायला, मतदारांपैकी कमीत कमी १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग चार डोकी बसून गावाचं ठरवतात. म्हणून वेळेवर या.

- विषय: वरच्या आळीची पाइपलाइन, शाळेमागची गटार, बंद पडलेले दिवे
- वेगळा विषय असेल तर आत्ताच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी द्या आणि पोच घ्या
- ठराव लिहून झाला की मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. नुसतं 'चर्चा झाली' असं लिहिलं तर पुढे काहीच हातात राहत नाही, काम कोणतं, कुठल्या निधीतून, कधीपर्यंत हे आलंच पाहिजे. त्याशिवाय सही करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय
- एकमेकांच्या घरावर, भावकीवर बोलायचं नाही, कोण कुठल्या पार्टीचा तेही नको, गटारीचं पाणी सगळ्यांच्याच दारात येतं

ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी सांगा, पोरं गाडीवर घेऊन येतील.