एचआरच्या पोरांना पीएफचं चलन कोण शिकवणार?

मा. संपादक,

माझी मुलगी एमबीए एचआर झालीय, सध्या कुपवाड, मिरज एमआयडीसीत इंटरव्ह्यू देत फिरतेय, आणि जिथं जाईल तिथं विचारतात तेच, पीएफचं चलन भरता येतं का, ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, २१ हजारांची पगारमर्यादा कशी बघायची, एक्सेलमध्ये पगारपत्रक जमतं का. कॉलेजात दोन वर्षं नुसती थिअरी! त्यात नोव्हेंबर २०२५ पासून २९ कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता आल्यात, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरची रक्कम वेतनात धरायची, त्यावरच पीएफ, ग्रॅच्युइटीचा हिशोब. कॉलेजांनी शेवटचं सेमिस्टर कारखान्याच्या टाइम ऑफिसातच, म्हणजे हजेरी-पगाराचं काम चालतं तिथंच, काढायला लावावं, अगदी कळकळीनं सांगतोय. आणि हो, कामगाराशी नीट बोलायला पण तिथंच शिकतील.

एक पालक, विश्रामबाग, सांगली