आप्पांच्या मोराबद्दल

कोल्हापूर, मंगळवार रात्र

प्रिय सुऱ्या,

तुझं पत्र दिवाळीत आलं आणि उत्तर आत्ता जातंय. शिव्या भेटल्यावर घाल. साखर गोळ्यांवर आहे, गुडघा जिने सोडून बाकी सगळं ऐकतो. तब्येत संपली.

आप्पांचा मोर, म्हणजे तो मोराचा अडकित्ता, नवा आहे. थांब, ओरडू नको, पुढं वाच.

नंदूनं संग्रह विकायला काढलाय. वाडा पाडायचा ठरला, फ्लॅटमध्ये एवढे दिवे-पानपुडे-अडकित्ते कुठं मांडणार? पुण्याचा एकजण सगळं एकरकमी उचलतोय आणि यादी करायचं काम माझ्या गळ्यात. मोराचा अडकित्ता हातात घेतला आणि शंका आली. जुना नग अंगठा बसतो तिथं झिजतो. हा सगळीकडं सारखाच गुळगुळीत, पंखाखाली कुणाचं बोट पोचत नाही तिथंसुद्धा. पिसांच्या रेघा नखाला लागत नाहीत, खिळा मात्र ठणठणीत. खाचेतला काळेपणा स्पिरिटच्या बोळ्यावर उतरला.

मन मानेना म्हणून तुझ्या मामांच्या गल्लीतल्या ओताऱ्याकडं गेलो. त्यानं काही न बोलता फळीवरचा जुना मोर काढून शेजारी ठेवला. आप्पांचा त्याच्याहून बाजरीच्या दाण्याएवढा आखूड. पितळ निवताना आकसतं, त्यामुळं जुन्या नगावरून साचा काढला की नक्कल लहानच निघते. म्हातारा म्हणाला, "माझ्याच हातचा. नवा म्हणूनच दिला होता. पुढं काळा कुणी केला, मला काय ठावं?"

मी म्हटलं, आतल्या अंगाला बनवल्याचं साल ठोकत जा. तर म्हणतो, "समईवर, देवाच्या टाकावर कधी साल घातलंय व्हय? आज्जा करायचा तेच मी करतोय, नक्कल कसली?" आता ह्याला काय उत्तर देणार? टाक झिजला की आपण नवा करून घेतोच, त्याला खोटा देव म्हणत नाही. आणि साल ठोकलं तरी व्यापारी कानस मारून उडवणारच. माझा राग म्हाताऱ्यावर नाही. मोर काळा करून "सरदारांच्या वाड्यातला" म्हणून आप्पांना दिला त्याच्यावर आहे.

तुझं म्हणणं मला आत्ताच ऐकू येतंय. टाऊन हॉल म्युझियममधला ब्रह्मपुरीला सापडलेला पोसायडन, तो ग्रीकांचा समुद्रदेव, तरी काय, ग्रीक नमुन्यावरून ओतलेलाच ना? वहिनींच्या माहेरच्या लक्ष्मीच्या चित्रावरून तू माझ्याशी सगळा पावसाळा बोलला नव्हतास, तेव्हाही हेच. अरे, रविवर्म्यानं 1894 ला मुंबईत छापखाना काढला तोच मुळी प्रती घराघरांत जाव्यात म्हणून. ती प्रत आहे हे घेणाऱ्याला माहीत होतं. मी तुला भिंगातून दाखवत होतो ते निराळं: त्याच्या शिळाछापात, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रात, रंगाचा दाणा वेडावाकडा असतो, आणि तुमच्या लक्ष्मीच्या गालावर ऑफसेटचे, म्हणजे आताच्या छपाईचे, शिस्तीत ठिपके होते. चहात बुडवून पिवळा केलेला कागद तो. तुझे सासरे अजून माझ्याकडं बघून हसत नाहीत.

पण मोराचं त्याहून वाईट आहे. तो आता "आप्पांच्या संग्रहातला" म्हणून पुण्याला जाणार. आप्पांचं नाव हाच त्याचा दाखला. उद्या एखादं पोरगं कोल्हापुरी ओतकामाचा अभ्यास करताना ह्याचेच फोटो लावेल, आणि खरा मोर समोर आला की त्यालाच म्हणेल, हा जरा वेगळा वाटतो. अमेरिकेत 1973 च्या कायद्यानं नकली नाण्यावर "कॉपी" ठोकावं लागतं, पण अडकित्त्याला तिथंही कोण विचारतोय! आपला 1972 चा पुरावशेष कायदा शंभरी भरलेल्या वस्तूंची राखण करतो. गंमत बघ, नवी पण जुनी दिसणारी मूर्ती परदेशी न्यायची तर पुरातत्त्व खात्याकडून "ही पुरातन नव्हे" असा दाखला आणायचा. इथल्या इथं विकताना सगळी मदार दुकानदाराच्या जिभेवर.

यादीत मी "नवा ओतीव, जुन्या नमुन्यावरून" असं लिहिलंय आणि ते खोडणार नाही. नंदू म्हणतो, "काका, एका नगानं सगळ्या मालाची किंमत पडेल, आणि बाबांना कळलं तर?" किमतीचं मी बघून घेईन, बाकीचे दिवे अस्सल आहेत. आप्पांचं काय करू? अजून रोज सकाळी सुपारी त्यानंच कातरतात, आणि आल्यागेल्याला सरदारांची गोष्ट सांगतात. मी सांगितलं तर म्हणतील, बाळ्याला पहिल्यापासून हेवा. ते खोटंही नाही, मला तो मोर हवाच होता. तू सांगितलंस तर ऐकतील. घेताना तू त्यांच्याबरोबर होतास.

मनूचं ॲडमिशन झालं का? बदलीचं काय? वहिनींना नमस्कार, लक्ष्मीचा विषय काढू नको.

पुण्याचा माणूस पुढच्या शनिवारी पैसे घेऊन येतोय, त्याच्या आधी ये. महालक्ष्मी एक्सप्रेस धर, मी स्टेशनवर येतो. आणि येताना ते भिंग घेऊन ये, तुझ्याकडंच राहिलंय.

तुझा,
बाळ्या