सांगलीच्या मार्केट यार्डातल्या दिवाणजीकाकांना

दिवाणजीकाका, सादर नमस्कार.

पट्टीच्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या, प्रोग्रॅममधलं माऊसचं ते फिरतं चक्र आता अडकून बसत नाही, हे पेढीवर तुम्ही बघितलंच आहे. ते तुमच्यामुळे सापडलं, आणि हे चारचौघांत सांगायचं होतं.

हळदीचे सौदे आटोपले की पट्ट्यांची घाई, आणि नेमका तेव्हाच माऊसचा बाण चक्र होऊन बसायचा. माऊस बदला, विंडोज नव्याने टाका... सल्ल्यांना यार्डात काय तोटा! तुम्ही मात्र एका रद्द पट्टीच्या पाठीवर लिहून ठेवलंत: चक्र असलं तरी क्लिक लागतं, बाण एक्सेलवर नेला की सरळ, आपल्या खिडकीत आला की पुन्हा चक्र, दर न भरलेल्या लॉटची पट्टी काढायला गेलं की हे सुरू होतं.

शिकलेली माणसं ‘चालत नाहीये’ एवढंच फोनवर सांगतात, म्हणून त्या चिठ्ठीचं मोल मला जास्त. क्लिक लागतं, म्हणजे प्रोग्रॅम गोठलेला नाही. एक्सेलवर बाण ठीक, म्हणजे माऊस निर्दोष. आणि शेवटच्या ओळीने तर थेट फंक्शनच, म्हणजे प्रोग्रॅममधला तो नेमका तुकडाच दाखवला.

प्रोग्रॅम क्यूटीत (Qt, खिडक्या-बटणं बनवायचं तयार साहित्य) आहे. त्यात ‘सेट-ओव्हरराइड-कर्सर’ केलं की त्या प्रोग्रॅमच्या सगळ्या खिडक्यांवर चक्र दिसतं, आणि ‘रिस्टोअर’ केलं की जातं. पण ही हळदीच्या पोत्यांची थप्पी आहे: जितकी चढवली तितकी उतरवली पाहिजेत. दर रिकामा दिसला की फंक्शन सूचना देऊन मधूनच परत फिरत होतं. चक्र चढलेलं, उतरवणारी ओळ पुढे राहिलेली. नंतर नीट पट्टी काढली तरी ती आपलं एकच पोतं चढवून उतरवायची, खालचं तसंच. प्रोग्रॅम बंद करून उघडला की बरं वाटायचं, कारण थप्पीच नव्याने सुरू व्हायची.

खात्रीसाठी प्रत्येक बटणाच्या आधी आणि नंतर ‘ओव्हरराइड-कर्सर’ काय परत देतो ते लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत छापलं. रिकाम्या दराच्या लॉटनंतर तिथे चक्र शिल्लक दिसलं. मग सी प्लस प्लसमध्ये एक छोटा क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा केला: फंक्शनमध्ये त्याचा ऑब्जेक्ट तयार होताना चक्र लावतो, फंक्शन संपताच नष्ट होताना काढतो. आता फंक्शन कुठूनही परत फिरो, उतरवणं चुकत नाही.

बेदाण्याच्या तक्त्यावर मधेच दुतोंडी बाण येतो म्हणालात, ते दुखणं वेगळं दिसतंय. रकाने फार अरुंद झाले की शीर्षकांवर जाल तिथे रकान्याची कडच लागते, हा माझा पहिला संशय. शीर्षकांवरच येतो की खाली आकड्यांवरही, एवढं बघून ठेवा. सौद्याची गडबड उरकली की संध्याकाळी पेढीवर येतो.

आपला,
सॉफ्टवेअरवाला