पवनीचा ठेवा पवनीतच पाहता यावा : पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. गोसेखुर्द धरण आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य यांमुळे भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेकाठच्या आमच्या पवनीकडे बाहेरगावची वाहने वळू लागली आहेत. धरणाचे पाणी पाहून आणि वाघाची वाट पाहून ही मंडळी परततात. पण ज्या गावावरून ती जातात त्याचे वय दोन हजार वर्षांहून अधिक आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथाच्या मंदिरावरून ओळखल्या जाणाऱ्या टेकडीच्या पोटात सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्या उपासक-उपासिकांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांतील, बुद्धांवर फणा धरून पावसापासून त्यांचे रक्षण करणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प तर विदर्भाने अभिमानाने मिरवावे असे आहे. नागाने फणा धरला आहे, पण त्याखाली बुद्धांची मूर्ती नाही, केवळ रिकामे आसन आहे, कारण त्या काळी बुद्धांना मानवी रूपात दाखवत नसत. हे शिल्प आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि येथेच सापडलेला महाक्षत्रप (प्राचीन काळच्या क्षत्रप शासकांची वरिष्ठ पदवी) रुपिअम्माचा स्तंभलेख नागपूरला. तेथे ते सुरक्षित आहेत याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु पवनीच्या शाळकरी मुलाला आपल्याच गावचा दगड पाहण्यासाठी दिल्ली गाठावी लागावी, हे मनाला पटत नाही.

गावाभोवतीचा मातीचा प्राचीन तट, त्यालगतचा खंदक, किल्ल्याचा दरवाजा आणि नदीवरचे घाट हेही त्याच इतिहासाचे भाग आहेत. तटाची माती एकदा खणून नेली, की कितीही निधी ओतला तरी तो तट पुन्हा उभा राहत नाही. म्हणून त्याची हद्द आखून संरक्षण करणे सर्वांत निकडीचे आहे.

आपणास विनंती अशी, की पवनीसाठी निधी देताना रोषणाई आणि उद्यानांच्या आधी येथे सुसज्ज स्थळ-संग्रहालय उभारावे, त्यात बाहेर गेलेल्या शिल्पांच्या प्रतिकृती ठेवाव्यात, टेकडीवर मराठीत सविस्तर माहितीफलक लावावेत आणि गावातील तरुणांना वाटाड्याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. तटाच्या मोजणीचे आदेश मात्र या पावसाळ्यापूर्वीच निघावेत.

आपला विश्वासू,
पवनी तालुक्यातील एक रहिवासी