विषय: ‘घरगुती विषनिवारक’ म्हणून विकलेल्या सक्रिय कोळशाच्या कॅप्सूलबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि ग्राहक सेवा प्रमुख यांस,

आज सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी तुमच्या प्रतिनिधीने माझं बोलणं अर्धवट असताना फोन ठेवला. हा माझा चौथा फोन होता. पाचवा करणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या सक्रिय कोळशाचा डबा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मागवला होता. ३० कॅप्सूल, प्रत्येकी २५० मिलिग्रॅम, किंमत ३४९ रुपये. डब्याच्या दर्शनी बाजूला तुम्ही काय छापलंय ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते: ‘घरगुती विषनिवारक. प्रत्येक घराच्या औषधपेटीत हवंच.’ त्याखाली ‘पहिल्या ३० मिनिटांत द्या, रुग्णालयाची धावपळ टाळा.’ मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा इंग्रजी अक्षरांत, ‘औषधी उपयोगासाठी नाही.’ ही दोन्ही वाक्यं एकाच पुठ्ठ्यावर कोणी मंजूर केली?

मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. कोळशाच्या पृष्ठभागावर पदार्थाचे कण धरले जातात, त्याला अधिशोषण म्हणतात, हे मी वर्गात शेकडो मुलांना सांगितलं आहे. तुमच्या डब्यावर एका ग्रॅम कोळशात हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो असं लिहिलंय. ते खरं आहे आणि तेच वाचून मी विश्वास ठेवला. कोणी भोंदू काढा विकत असता तर मी दारात उभं केलं नसतं. तुम्ही मला माझ्याच विषयातलं खरं वाक्य दाखवलंत आणि त्याच्या आडून खोटं विकलंत.

माझी लेक सात महिन्यांची गरोदर, डोहाळेजेवणासाठी कराडला माहेरी आली होती. सोबत तीन वर्षांचा नातू. आशाताई देतात त्या रक्तवाढीच्या गोळ्या तिच्या पिशवीत होत्या. लाल, साखरेचं आवरण असलेल्या. पोराला त्या खाऊच्या गोळ्या वाटल्या. संध्याकाळी ५ वाजून ५ मिनिटांनी लेकीला रिकामी पट्टी दिसली. दहातली एक तिने स्वतः घेतलेली, दोन कॉटखाली ओल्या पडलेल्या, सातांचा पत्ता नाही.

रुग्णालय आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. लेक म्हणाली, आई, निघू या. मी म्हणाले, थांब, घरात औषध आहे. तुमचा डबा होता ना औषधपेटीत, क्रोसिनच्या शेजारी, मीच ठेवलेला. पहिल्या ३० मिनिटांत द्या असं त्यावर लिहिलेलं. म्हणून मी डबा काढला आणि त्यावरच्या ‘आपत्कालीन मार्गदर्शन’ क्रमांकावर फोन लावला.

अकरा मिनिटं मला तुमच्या आवळा रसाची जाहिरात ऐकवली. मग एक मुलगा बोलला. त्याने आधी नोंदणीकृत मोबाइल क्रमांक विचारला, मग पिन कोड विचारला. पोराचं वय विचारलं नाही, वजन विचारलं नाही, तो शुद्धीवर आहे का, उलटी झाली का, काही नाही. मीच ओरडून सांगितलं की रक्तवाढीच्या गोळ्या आहेत, लोहाच्या, सात गेल्यात. तो म्हणाला, “हो मॅडम, चालेल, आपलं प्रॉडक्ट सगळ्या प्रकारच्या विषावर चालतं. दोन कॅप्सूल मधातून द्या.” आणि लगेच, “फॅमिली पॅकवर सध्या ऑफर आहे, पाठवू का?”

मी दोन कॅप्सूल फोडल्या, मधात कालवल्या आणि रडणाऱ्या पोराला भरवल्या. मी भरवल्या. हे मला तुमच्यावर ढकलायचं नाही. पण कोणाच्या सांगण्यावरून, ते तुमच्या नोंदीत असेलच, कारण ‘हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ असं तुम्हीच सांगता.

वीस मिनिटांनी त्याला उलटी झाली. काळी. अंगणभर काळी. ठसका लागला, डोळे पांढरे झाले, तेव्हा रिक्षा आली. रुग्णालयात पोचलो तेव्हा ६ वाजले होते. म्हणजे तुमच्या डब्यापायी आणि तुमच्या फोनपायी पाऊण तास गेला.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “मावशी, घरी काही दिलंत का?” मी डबा पुढे केला. त्यांनी मला रागावून काही म्हटलं नाही, एवढंच सांगितलं की कोळसा लोहाला धरत नाही.

तुम्ही कोळसा विकता. कोळसा लोहाला धरत नाही हे तुम्हाला माहीत नाही, यावर माझा विश्वास नाही. लोह, लिथियम, दारू, रॉकेल, पेट्रोल, ॲसिड, कॉस्टिक सोडा, यांतल्या कशावरही त्याचा उपयोग नाही. विषबाधेच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या पानांत असणारी यादी आहे ही. आमच्यासारख्या घरांत लहान मुलांच्या तोंडात जातं काय? बाटलीतलं रॉकेल. संडास धुवायचं ॲसिड. आईच्या लोहाच्या गोळ्या. नेमक्या याच गोष्टींवर कोळसा चालत नाही, हे तुमच्या डब्यावर लिहायला हवं होतं. रॉकेल प्यायलेल्या मुलाला कोळसा पाजून उलटी झाली तर ते छातीत उतरतं. ॲसिड प्यायलेल्याला दिला तर अन्ननलिका किती भाजली ते दुर्बिणीतून दिसत नाही, कारण सगळं काळं झालेलं असतं. आणि तुमचा डबा म्हणतो, सगळ्या प्रकारच्या विषावर. तुमचा फोनही तेच म्हणतो. हँगओव्हरवरही चालतं असं एका कोपऱ्यात छापलंय, आणि दारू कोळशाला चिकटत नाही!

आमच्या बाबतीत आणखी एक झालं. लोहाच्या विषबाधेत उलटीतून रक्त पडू शकतं, आणि ते आहे की नाही हे डॉक्टरांना पाहायचं असतं. नातवाची उलटी डांबरासारखी काळी. त्यांना रंगावरून काही कळेना. कोळसा श्वासनलिकेत गेला का या भीतीने छातीचा एक्स-रे वेगळा काढावा लागला. पोटाच्या एक्स-रेत गोळ्यांचे पांढरे ठिपके दिसले. मग नाकातून नळी, त्यातून आतडी धुणारं औषधी पाणी, रात्रभर सलाइन, रक्ताच्या तपासण्या. तीन वर्षांच्या पोराला चार माणसांनी धरून नळी घालताना तुमच्यापैकी कोणी पाहिलंय का? सात महिन्यांची पोटुशी लेक बाहेर बाकावर बसून होती.

आता हिशेब. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. सात गोळ्यांचं ४२० झालं. नातवाचं वजन १३ किलो, म्हणजे किलोमागे ३२ मिलिग्रॅम. २० च्या वर गेलं की त्रास होतो, ६० च्या पुढे जिवावर बेततं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणखी सहा गोळ्या गेल्या असत्या तर आम्ही ६० वर असतो. त्याच पिशवीत दुसरी पट्टी भरलेली होती.

दुसरा हिशेब तुमच्या मालाचा. हा माझ्यापेक्षा तुम्हाला चांगला येतो. कोळशाला मी खोटा म्हणत नाही. रुग्णालयात तो देतात, कित्येक गोळ्यांच्या विषबाधेत, शक्यतो पहिल्या तासाभरात, शुद्धीवर असलेल्या आणि गिळू शकणाऱ्या रुग्णाला, पाण्यात कालवलेली भुकटी म्हणून. किती देतात? मुलांना साधारण किलोमागे एक ग्रॅमपर्यंत, मोठ्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. १३ किलोच्या मुलाला १३ ग्रॅम म्हणजे तुमच्या ५२ कॅप्सूल. मोठ्या माणसाला २०० कॅप्सूल. तुमच्या अख्ख्या डब्यात साडेसात ग्रॅम कोळसा आहे. दोन कॅप्सूल म्हणजे अर्धा ग्रॅम. ज्या विषावर कोळसा खरोखर चालतो, ते विष घेतलेल्या माणसालाही तुमचा डबा वाचवू शकत नाही. मग ‘विषनिवारक’ हा शब्द कशाच्या आधारावर छापला?

आता आजच्या फोनबद्दल. पहिल्या तीन फोनांवर ‘तक्रार वर पाठवली आहे’ एवढंच ऐकलं होतं. आज ज्यांच्याकडे जोडून दिलं, त्या ‘सिनियर एक्झिक्युटिव्ह’ होत्या. मी वर लिहिलंय ते सगळं त्यांना पहिल्यापासून सांगितलं. गोळ्या, मध, काळी उलटी, नळी. सांगताना माझा आवाज दोनदा अडकला. त्या मधे ‘ओके, ओके’ म्हणत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं:

“पण मॅडम, बेबी आता बरा आहे ना?”

मी म्हटलं, हो, देवाच्या आणि डॉक्टरांच्या कृपेने बरा आहे.

“मग तुमची तक्रार एक्झॅक्टली कशाबद्दल आहे?”

मला आधी वाटलं नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, थोडा सावकाश, जणू मला समजायला वेळ लागतोय. मी म्हटलं, तुमच्या डब्यावर जे लिहिलंय ते खोटं आहे, आणि तुमच्या माणसाने मला चुकीचा उपचार सांगितला. त्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, आपलं प्रॉडक्ट हंड्रेड पर्सेंट नॅचरल आहे, त्याने कोणालाच अपाय होत नाही. आणि ते मेडिसिन नाहीये, तसं पॅकवर मेन्शन केलेलं आहे.” मी म्हटलं, मग पुढच्या बाजूला विषबाधेचं का लिहिलंय? त्या म्हणाल्या, “ते मार्केटिंगचं आहे, ते आमच्या डिपार्टमेंटला येत नाही.” मग स्वतःहून म्हणाल्या की डबा उघडलेला आणि वापरलेला असल्यामुळे परत घेता येणार नाही, पण जुन्या ग्राहक म्हणून १०० रुपयांचं कूपन देता येईल. मी पैसे मागितलेच नव्हते. चारपैकी एकाही फोनवर मागितले नव्हते. मी म्हटलं, बाई, तुम्हाला मूल आहे का? तिथे फोन बंद झाला. दोन मिनिटांत मोबाइलवर संदेश आला, आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे द्याल.

बेबी बरा आहे ना, मग तक्रार कशाबद्दल! माझा नातू दगावला असता तर तुमच्याकडे तक्रारीचा वेगळा विभाग आहे का?

आणखी एक, विसरण्याआधी. गॅससाठी म्हणून यातल्या नऊ कॅप्सूल मी स्वतः घेतल्या होत्या, तुमच्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे ‘सकाळी उपाशीपोटी’. त्याच वेळी मी थायरॉइडची गोळी घेते. कोळसा विष आणि औषध असा भेद करत नाही, तो थायरॉइडची गोळीही पोटातच अडवतो, हे मला नातवाच्या डॉक्टरांनी सांगितलं. फिटचं, हृदयाचं औषध चालू असलेल्या माणसाने तुमचं पत्रक पाळलं तर त्याचं काय होईल? त्यावर एक ओळही नाही.

तुमचं आवळा चूर्ण आमच्या घरात सासूबाईंच्या काळापासून येतं. तुमच्या नावावर भरवसा होता म्हणूनच हा डबा औषधपेटीत गेला. आता ते चूर्णही घरात येणार नाही.

मला हवं आहे ते असं. डब्यावरून विषबाधेचा प्रत्येक उल्लेख काढा आणि बाजारात असलेले डबे परत बोलवा. तुमच्या विक्रीच्या क्रमांकाला ‘आपत्कालीन मार्गदर्शन’ म्हणणं आजच्या आज थांबवा. त्या जागी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा क्रमांक छापा, १८०० ११६ ११७. तिथे कुठल्याही वेळी विषबाधेची माहिती असलेली माणसं फुकट सल्ला देतात. मला तो क्रमांक त्या रात्री वॉर्डातल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिला. मी तो आणि रुग्णवाहिकेचा १०८ आता औषधपेटीच्या दारावर ठळक शाईने लिहून ठेवलाय, जिथे तुमचा डबा होता. आणि ज्या मुलाने मला दोन कॅप्सूल सांगितल्या त्याला कामावरून काढू नका. त्याला ते वाक्य पाठ करायला कोणी दिलं, त्याचं नाव मला लेखी कळवा.

पंधरा दिवस देते. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जाईल. पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे, हे तुमच्या वकिलांना विचारा. अन्न व औषध प्रशासनाकडे डब्याची छायाचित्रं जातील. साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी स्वतः उभी राहीन, मला वकील लागत नाही. माझे जुने विद्यार्थी तालुक्यात औषधांची दुकानं चालवतात. त्यांतल्या तिघांनी तुमचा डबा कालच फळीवरून उतरवला आहे.

सोबत डब्याच्या सहाही बाजूंची छायाचित्रं, पावती, रुग्णालयाच्या कागदांच्या प्रती आणि चारही फोनांच्या वेळा जोडल्या आहेत.

एक निवृत्त शिक्षिका,
कराड, जि. सातारा

ता. क. १०० रुपयांचं कूपन संदेशातून आलं आहे. ते वापरणार नाही. डबाही टाकलेला नाही. उरलेल्या १९ कॅप्सूल मोजून, पाकिटात घालून, वर तारीख लिहून कपाटात कुलपात ठेवल्या आहेत. आयोगात लागतील.