विश्रांती घ्या म्हणता, मग चपात्या कोण लाटणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत कंबरदुखीवर लेख आला होता. वाकू नका, वजन उचलू नका, फार वेळ उभं राहू नका, भरपूर विश्रांती घ्या, असं त्यात होतं. दुपारचे डबे गेल्यावर मी तो दोनदा वाचला. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण मी लातुरात औसा रोडच्या बाजूला ट्यूशनच्या पोरांची मेस चालवते. वाकणं, उचलणं, उभं राहणं हीच माझी कमाई. ती सोडून बरं व्हायचं तर बरं होऊन करायचं काय? लातूर पॅटर्न म्हणून शिक्षकांचं कौतुक होतं, ते व्हायलाच पाहिजे. त्या पॅटर्नच्या मागे पहाटेपासून पोळपाटाला जुंपलेल्या शेकडो बायका आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकींची मान, खांदा किंवा कंबर धरलेली असते. हे पत्र त्यांच्या वतीने समजा.

माझं दुखणं 2016 च्या उन्हाळ्यातलं. लातूरकरांना तो उन्हाळा वेगळा सांगायला नको. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, देशभर फोटो छापून आले. रेल्वेच्या पुढचा प्रवास कुणी छापला नाही. टँकर गल्लीत कधीही यायचा आणि तिथून पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरापर्यंत पाणी घागरीतून, कॅनमधून न्यावं लागायचं. मेस बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. असाच एक कॅन उचलताना कंबरेत चमक निघाली आणि मी जिन्यातच बसले.

सासूबाईंनी आधी निरगुडीच्या पाल्याचा शेक दिला. मग रुईच्या पानाला तेल लावून बांधलं. शेवटी एक पायाळू (पायाकडून जन्मलेला) पोरगा बोलावून त्याचा पाय माझ्या पाठीला लावला, उसण असेल तर उतरते म्हणून. पोराला गूळखोबरं मिळालं, मला काही मिळालं नाही. शेकाने मात्र खरंच बरं वाटायचं, आजही वाटतं. पुढे एका खाजगी दवाखान्यात एमआरआय झाली. मणक्यांमधली गादी सरकलीय म्हणून पट्टा दिला, कंबर ताणायला वजन लावून झालं, गोळ्या झाल्या. डॉक्टरांना मी दोष देत नाही, तेव्हा सगळीकडे तेच चालायचं. पण गादी सरकली हे शब्द डोक्यात बसले. त्यात जो भेटेल तो आपल्या मावशीचं, मेहुण्याचं मणक्यातल्या गॅपचं रामायण सांगायचा. खाली पडलेलं लाटणं उचलायलासुद्धा मी पोराला हाक मारू लागले. वर्षभरात पाठ लाकडासारखी झाली आणि दुखणं होतं तिथंच राहिलं.

बदल झाला तो सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या ताईंमुळे. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी एमआरआयचा कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “काकू, पन्नाशीतल्या, कधीच कंबर न दुखलेल्या माणसांच्या एमआरआय काढल्या तरी दहातल्या सहा जणांची गादी फुगलेली दिसते. तुम्ही वाकलात म्हणून मणका तुटणार नाही.” मग त्यांनी मला तिथल्या तिथे वाकायला लावलं. मी घाबरत वाकले. दुखलं, पण तुटलं काही नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट सरळ सांगितली. तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं हे जखमेच्या दुखण्यापेक्षा निराळं असतं. जखम भरून येते, पण शरीराची दुखण्याची सूचना देणारी यंत्रणा जास्तच जागरूक होऊन बसते. झोप कमी झाली, काळजी वाढली, हालचाल थांबली की ती आणखी जोरात ओरडते. त्यामुळे एक दिवस सगळं दुखणं नाहीसं होईल याची वाट बघत बसू नका, दुखण्यासकट काम वाढवत चला. हे ऐकून मला रडू आलं होतं. आज वाटतं, इतकं खरं मला आधी कुणी बोललंच नव्हतं.

आता तुमच्या लेखाबद्दल. आमच्या मेसमधल्या, नीटची म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका पोराने मोबाइलवर शोधून मला वाचून दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शिका काढली. जगात 2020 साली सुमारे 62 कोटी लोकांना कंबरदुखी होती, असं त्या वेळी संघटनेने सांगितलं. रोग्याला दुखणं समजावून सांगणं, व्यायाम, मालिशसारखे काही हाताचे उपचार, मनाच्या अंगाने मदत आणि गरजेपुरत्या वेदनाशामक गोळ्या, यांना त्यात होकार आहे. पट्टा आणि वजन लावणं या दोन्ही गोष्टी सरसकट करू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. माझ्या घरी दोन पट्टे पडून आहेत. एक सासूबाई बांधतात. त्यांना त्याचा धीर वाटतो, म्हणून मी काही बोलत नाही.

मी काय करते ते सविस्तर लिहिते, कारण पुरवणीत हेच नसतं. पहाटे उठल्या उठल्या कणकेला हात घालत नाही. आधी गरम पाण्याची पिशवी कंबरेला, तोवर चहाचं आधण. मग सतरंजीवर हात-गुडघे टेकून पाठ मांजरासारखी वर काढायची, खाली सोडायची, सावकाश, श्वासाबरोबर. उताणं पडून एकेक गुडघा छातीशी. मग भिंतीला पाठ लावून दोन्ही हात भिंतीवरून घासत वर न्यायचे. सुरुवातीला माझे हात कानापर्यंतही जात नव्हते. शेवटी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. चहा होतो तोवर हे सगळं होतं. यातलं काहीही अवघड नाही. अवघड आहे ते रोज करणं, आणि बरं वाटायला लागल्यावरही करत राहणं.

जास्त फरक ओट्याने पडला. आमच्या मेसवाल्या बायकांनी हे नक्की वाचावं. कणीक तिंबताना अंगाचा भार टाकावा लागतो, म्हणून ती परात कोपरापेक्षा चार-सहा बोटं खाली पाहिजे. लाटणं हलकं काम, त्याला पोळपाट कोपराच्या जवळ पाहिजे. आपण दोन्ही एकाच ओट्यावर करतो. उंच बाई लाटताना वाकते, बुटकी बाई तिंबताना खांदे वर ओढते, आणि दोघी मान चोळत बसतात. मी पोळपाटाखाली लाकडी पाट दिला आणि परातीसाठी सुताराकडून बुटकं टेबल करून घेतलं. शेगडीपुढे उभं राहताना एक पाय बुटक्या पाटावर ठेवते, थोड्या वेळाने दुसरा. कंबरेवरचा ताण लगेच उतरतो. मदतीला येणारी मावशी आणि मी एक परात संपली की जागा बदलतो. ती लाटते, मी भाजते. आधी तिला हे खूळ वाटलं. आता मी विसरले तर तीच आठवण करते.

टेनिस बॉलची गंमत वेगळीच. पोरांचा गच्चीवरचा चेंडू जुन्या पायमोज्यात घालायचा, म्हणजे निसटत नाही. तो खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला, पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरायचा आणि दुखरी जागा सापडली की हलकेच रेलून चार-सहा सावकाश श्वास घ्यायचे. मणक्याच्या हाडावर दाबायचं नाही. हातात मुंग्या किंवा कळ उतरू लागली तर लगेच जागा सोडायची. पोटऱ्यांवर आणि मांड्यांवर मी जुनं लाटणं फिरवते. (ते वेगळं आहे, त्याने चपात्या होत नाहीत. पालकांनी निश्चिंत असावं!) मोबाइलवर लोक ‘गाठ फोडा’ म्हणून जोर लावायला सांगतात, ते मला पटत नाही. ताईंनी सांगितलं होतं की असं दाबून काही फुटत नाही, काही तास आराम पडतो एवढंच. त्या तासांत हात-पाय हलवून घ्यायचे, हा त्याचा खरा उपयोग. नुसता चेंडू दाबून झोपलं तर दुसऱ्या दिवशी तेच.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दहापैकी तीन-चारपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर येत असेल तर पुढे जायचं. सकाळी जास्त ठणकत असेल तर निम्मं करायचं. निम्मं, शून्य नाही. याच्या उलट मोह बऱ्या दिवसाचा असतो. कंबर हलकी वाटली की बाई माळ्यावरचे डबे काढून घासायला बसते आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. आमचे हे म्हणतात, “तुझ्या बऱ्या दिवसाचीच मला भीती वाटते.” सासूबाईंचं वेगळंच असतं, “कंबर दुखूलालीय म्हणतीस, आन बसत न्हाईस.” दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. हल्ली बऱ्या दिवशी मी एकच जादा काम काढते आणि संध्याकाळी क्रीडा संकुलावर चालायला जाते.

गोळ्यांबद्दल थोडं. आपल्याकडे मेडिकलमधून कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळतात, एक पांढरी, एक गुलाबी, एक पिवळी. नाव विचारलं तर मेडिकलवाल्याला राग येतो. विचारलंच पाहिजे. डायक्लोफिनॅक दिलेली जनावरं मेली की ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. गिधाडं इतकी मेली की सरकारने 2006 साली जनावरांसाठी ते औषध बंद केलं. हेही त्या नीटच्या पोरानेच सांगितलं. माणूस म्हणजे गिधाड नाही आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेले चार दिवस गोळी घ्यायला हरकत नाही. पण ही जातच अशी आहे की महिनोन्महिने रोज घेतली तर पोटात व्रण होतात, किडनीवर ताण येतो. बीपी, शुगर असलेल्यांनी तर जास्तच जपावं.

आणि घरचे सगळे उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, असेही प्रसंग असतात. लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतली आणि बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद जाऊन चप्पल निसटू लागली, तर चेंडू आणि शेक करत बसू नये. दुखण्याबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तरीही दाखवून घ्यावं. ताईंनी हे मला पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. तो कागद फ्रिजवर लावलेला आहे.

ताईंकडे मी फार दिवस जाऊ शकले नाही. सरकारी ओपीडी सकाळची आणि सकाळी माझ्या दोन्ही शेगड्या पेटलेल्या असतात. मोंढ्यातल्या हमालाची, शेतमजूर बाईची, ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याची हीच अडचण आहे. कंबर ज्यांची जास्त झिजते त्यांना दवाखान्याच्या वेळेत सुट्टी नसते. खाजगीत रोजचे पैसे द्यायचे तर दोन-चार दिवसांनी माणूस आपोआप थांबतो. शहरात दुपारनंतर आणि संध्याकाळी चालणारे सरकारी दवाखाने निघाले आहेत. तिथे आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी फिजिओथेरपिस्ट बसवला आणि तालुक्याच्या दवाखान्यांत बाजाराच्या दिवशी बसवला, तर यंत्रंबिंत्रं काही लागणार नाहीत. एक सतरंजी, एक भिंत, एक खुर्ची आणि समजावून सांगणारं माणूस पुरे. जिल्हा परिषद आणि महापालिका दोघांनाही तुम्ही हे विचारावं, तुमच्या बातमीदाराला ते उत्तर देतील.

दुसरी मागणी तुमच्याकडे. 8 सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन असतो. त्या दिवशी मान्यवरांच्या शुभेच्छांऐवजी एक अख्खं पान चित्रांचं छापा. तिंबणारी बाई, पोतं उचलणारा हमाल, मोळी बांधणारी ऊसतोडीची बाई, पुस्तकात मान घातलेला पोरगा, आणि प्रत्येकाने कामातच काय करायचं त्याची दोन-दोन चित्रं. अक्षर मोठं ठेवा, कागद भिंतीला चिकटवता आला पाहिजे. पान तयार करताना फिजिओथेरपीच्या जाणकार माणसाकडून तपासून घ्या आणि छापायच्या आधी चार मेसवाल्या बायकांना दाखवा. आम्ही दुपारी तीन ते पाच रिकाम्या असतो.

नाव कृपया छापू नये. मेसवाल्या बाईची कंबर दुखते म्हटलं की पालक दुसरी मेस बघतात आणि जूनमध्ये नवी पोरं यायची असतात.

आपली,
एक मेसचालक वाचक
औसा रोड, लातूर