मकरानची लाट आणि आमची खाडी

२८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळच्या समुद्रात ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही तासांत त्सुनामी मुंबईला पोचली. इथेही माणसे दगावली. भ्रंश, म्हणजे खडकांतली भेग, किती सरकला, समुद्रतळ किती उचलला गेला, यावरून लाट कधी येईल याची गणिते हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या राष्ट्रीय सागरी माहिती केंद्राने आधीच करून ठेवली आहेत. मोठेच काम! पण किनाऱ्याजवळच्या पाण्याची खोली जुन्या मोजणीची धरली, तर शेवटच्या टप्प्यात अंदाज चुकतो. आमच्या खाडीच्या मुखाशी दर पावसाळ्यानंतर वाळूचा दांडा जागा बदलतो, होड्या भरतीसाठी खोळंबतात. तिथली खोली दरवर्षी मोजा, आणि पाणी कुठवर चढेल त्याचा नकाशा मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर मराठीत लावा.

– एक वाचक, जि. रत्नागिरी